हौशी वेबकॉमिकचं पान सुधारायचं कसं: एका जुन्या पानाची पूर्ण दुरुस्ती

माझी ताई रोज डोंबिवलीहून दादरला लोकलने जाते. एकदा तिला माझ्या कॉमिकचा चौथा भाग पाठवला, तिने तो गर्दीत उभ्याने, एका हातात मोबाईल धरून वाचला आणि रिप्लाय केला, "छान आहे गं, पण ग्लास कोणी पाडला?" त्या पानावर मी अकरा तास घातले होते, आणि अख्खं पान ग्लास कोणी पाडला यावरच उभं होतं.

त्या रात्री पान परत उघडून बघितलं. चित्रं तशी वाईट नव्हती. हात बऱ्यापैकी जमले होते, उसाच्या चरकाचं चाक तर मी फोटो बघून अगदी नीट काढलं होतं. पण संवादाचा फुगा कुठला आधी वाचायचा ते कळत नव्हतं, अक्षरं बारीक होती, माणसं आणि मागची भिंत एकाच गडदपणाची होती, आणि ज्या चौकटीत ग्लास पडतो तीच सगळ्यात छोटी होती. म्हणजे चित्रकला कमी पडली नव्हती, पान वाचता येत नव्हतं. तेव्हापासून मी एकच धरून चाललेय की आधी पान वाचता आलं पाहिजे, सुंदर नंतर. आणि गंमत म्हणजे वाचता येईल असं केलं की निम्मं सुंदर आपोआप होतं.

खाली जे सांगतेय ते त्याच पानाच्या दुरुस्तीवरून. पान कुठलं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एसटी स्टँडसमोर रसवंती, चालवणारी सुमनमावशी, तिचा भाचा बंड्या याचा कामाचा पहिला दिवस, आणि ड्रायव्हरकाका रस प्यायला आलेत ज्यांच्याकडे पाचच मिनिटं आहेत. हॉर्न वाजतो, बंड्या दचकतो, ग्लास पडतो. एवढंच. तुम्हीही तुमचं एक जुनं पान निवडा, फार आवडतं नको आणि फार नावडतंही नको, आणि त्यावरच हे सगळं करून बघा. नवीन गोष्ट घेऊन बसलात तर लक्ष गोष्टीकडे जाईल.

सगळ्यात आधी, तीन जणांना वाचायला द्या

तुमची गोष्ट माहीत नसलेले तीन जण शोधा. मोबाईलवर पान द्या आणि काहीही सांगू नका, "हा बंड्या आहे हां" असंसुद्धा नाही. वाचताना त्यांचा अंगठा कुठे थांबतो, कुठे मागे जातो ते बघत राहा. मग एकच प्रश्न विचारा, "काय झालं ते सांग." आवडलं का विचारू नका, कारण आपली माणसं हो म्हणणार आणि त्यातून हाती काही लागत नाही. ते जे सांगतील ते शब्दशः लिहून ठेवा. माझ्या पानावर तिघांपैकी दोघांना ग्लास काकांच्या हातून पडला असं वाटलं होतं, आणि एकीला हॉर्नचा आवाज चरकाचा वाटला. ही तुमची दुरुस्तीची यादी.

काड्यापेटीएवढी कच्ची चित्रं

आता कॉम्प्युटर, टॅब बंद. पाठकोरा कागद आणि बॉलपेन घ्या, आणि अख्खं पान काड्यापेटीएवढ्या जागेत काढा. माणूस म्हणजे एक गोळा आणि एक दांडा, बास. असं त्याच पानाचं चार वेळा काढा, चारही वेगळी. पहिलं जे सुचतं ते नेहमी समोरून कमरेपर्यंतचं चित्र असतं, दोन माणसं समोरासमोर आणि वर फुगे, माझ्या पहिल्या तीन भागांत जवळजवळ प्रत्येक चौकट अशीच आहे. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला कुठे डोकं चालायला लागतं.

इथे चार गोष्टी बघायच्या. पहिली, जागा कळली का? एका तरी चौकटीत लांबून दिसलं पाहिजे की हा स्टँड, ही रसवंती, हे बाकडं, आणि कोण कुठे उभंय. ही चौकट टाळायचा मोह होतो कारण त्यात काम जास्त, पण ती नसली की पुढची माणसं हवेत तरंगतात.

दुसरी, जो आधी बोलतो तो डावीकडे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे आधी बोलणारा उजवीकडे असला की दोन फुग्यांची शेपटं एकमेकांना ओलांडतात आणि वाचक अडखळतो. मांगा म्हणजे जपानी कॉमिक वाचून वाचून ज्यांचा हात तयार झालाय त्यांनी इथे विशेष लक्ष द्या, कारण ते उजवीकडून वाचायचं असतं आणि ती मांडणी नकळत आपल्या पानात शिरते.

तिसरी, मधली रेघ. मावशी आणि काका यांना जोडणारी एक रेघ आहे असं समजा, माझ्या पानात ती रसवंतीच्या कट्ट्याला आडवी ओलांडून जात होती. कॅमेरा या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. मी दुसऱ्या चौकटीत रेघेच्या एका बाजूनं दाखवलं आणि तिसऱ्यात दुसऱ्या बाजूनं, तर मावशी डावीकडची उजवीकडे गेली आणि वाचकाला वाटलं माणसं बदलली. सिनेमावाले हे पाळतात, कॉमिकमध्येही तितकंच लागू आहे.

चौथी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, जे पुढे घडणार आहे ते आधी दिसलं पाहिजे. ग्लास बंड्याच्या हातून पडणार असेल तर त्याच्या आधीच्या चौकटीत ग्लास बंड्याच्याच हातात आहे हे ठळक दिसू दे. मी नवीन पानात दुसऱ्या चौकटीत बंड्या काठोकाठ भरलेला ग्लास दोन्ही हातांनी धरून येतोय असं दाखवलं, तिसऱ्यात फक्त त्याचे हात आणि ग्लास जवळून, चौथ्यात हॉर्न आणि ग्लास हवेत. मग काहीही समजवायची गरज उरली नाही.

हे झालं की कागद हातभर लांब धरून बघा. शब्दांशिवाय घटना कळतेय का? शि. द. फडणीसांची शब्दांविना व्यंगचित्रं काढून बसा एकदा, नुसतं बघायला नाही, तर आपली नजर आधी कुठे पडते, मग कुठे जाते आणि हसू नेमकं कुठे येतं ते शोधायला. ज्यांनी त्यांच्या चित्रांची गणिताची पुस्तकं शाळेत वापरलीत त्यांना हे जास्त पटेल, गणित कळायच्या आधी चित्र कळायचं.

माप ठरवा, आत्ताच

कच्चं चित्र पक्कं झालं की पान कुठे टाकणार ते ठरवा, कारण नंतर बदललं की सगळं कापावं लागतं. मी हे दोनदा भोगलंय.

वेबटून या कॉमिकच्या ॲपवर, त्यातल्या कॅनव्हास या हौशी लोकांच्या विभागात, खाली सरकत वाचायचं असेल तर रुंदी ८०० पिक्सेल आणि एक तुकडा जास्तीत जास्त १२८० पिक्सेल उंच. काढताना दुप्पट, म्हणजे १६०० रुंदीवर काढा आणि शेवटी लहान करा, रेघा घट्ट दिसतात. या प्रकारात दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. एकाच प्रसंगातल्या चौकटींमध्ये मी साधारण ६० पिक्सेल सोडते, आणि हॉर्न वाजायच्या आधी जो क्षणभराचा थांबा हवा होता तिथे ४०० सोडले. नुसती पांढरी जागा, पण अंगठ्याला ती सरकवावी लागते आणि श्वास थांबतो.

इन्स्टाग्रामवर टाकणार असाल तर १०८० बाय १३५०, एका पोस्टमध्ये आता २० चित्रांपर्यंत चालतात. २०२५ पासून प्रोफाइलवरचे चौकोन ३:४ झालेत, त्यामुळे १३५० उंचीच्या चित्राच्या दोन्ही कडांचे साधारण ३४-३४ पिक्सेल तिथे कापले जातात, म्हणून अक्षरं कडेपासून ६० तरी आत ठेवा. पुढेमागे छापायची इच्छा असेल तर ए-फाइव्ह पान ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) १७४८ बाय २४८० पिक्सेल होतं, शिवाय कापायला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर म्हणजे ३५ पिक्सेल जास्तीचे. मी आता सगळं छपाईच्याच मापात काढते आणि वेबसाठी लहान करते, उलटं करता येत नाही.

रेघ मारायच्या आधी अक्षरं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मराठी कॉमिकमध्ये सगळ्यात जास्त हेळसांड याचीच होते आणि सगळ्यात स्वस्तात सुधारतं तेही हेच. चित्र पूर्ण करून मग उरलेल्या जागेत फुगे कोंबायचे ही सवय सोडा. कच्च्या चित्रावरच खरा मजकूर टाईप करून ठेवा, फुगे आखा, मग उरलेल्या जागेत चित्र काढा. फुगा हा चित्राचाच भाग आहे.

आधी संवाद कापा. माझ्या जुन्या पानात काका म्हणत होते, "अहो मावशी, माझी गाडी सुटायला फक्त पाच मिनिटं राहिली आहेत, त्यामुळे मला लवकरात लवकर एक ग्लास उसाचा रस द्या आणि त्यात बर्फ घालू नका." असं कोणी बोलतं का? आता ते म्हणतात, "मावशी, एक फुल. बर्फ नको. पाच मिनिटांत गाडी काढायचीये." मोठ्याने म्हणून बघा, तोंडात बसलं नाही तर फुग्यातही बसत नाही. एका फुग्यात वीसच्या वर शब्द मी जाऊ देत नाही, गेले तर दोन फुगे करते आणि मध्ये समोरच्याचा चेहरा दाखवते.

अक्षराचं माप. मोबाईलची स्क्रीन जेमतेम सात सेंटीमीटर रुंद असते, त्यावर तुमचं १०८० पिक्सेलचं चित्र बसणार. म्हणजे ५० पिक्सेलचं अक्षर प्रत्यक्षात काना-मात्रा धरून तीन मिलिमीटरच्या आसपास दिसतं. त्याच्या खाली जाऊ नका. ८०० रुंदीला हेच माप ३६-३८ होतं. कॉम्प्युटरवर हे राक्षसी मोठं वाटतं, वाटू दे.

फॉन्ट. मुक्त, बालू, कलम, मोदक हे सगळे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात आणि त्यांचं लायसन्स खुलं आहे, म्हणजे पुढे पुस्तक काढलंत तरी अडचण नाही. संवादाला मी बालू किंवा मुक्त वापरते, चिठ्ठी-पत्र दाखवायचं असेल तर हातानं लिहिल्यासारखा कलम, आणि मोदक फक्त शीर्षकाला कारण तो इतका गुबगुबीत आहे की ओळभर वाचवत नाही. फॉन्ट घेताना आपला ल आणि श बघा, हिंदीतला ल वेगळा दिसतो, आणि मराठी वाचकाला काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही. मी प्रत्येक नव्या फॉन्टमध्ये हे एक वाक्य टाईप करून बघते: "दुसऱ्या गल्लीतल्या लक्ष्मीनं ॲल्युमिनियमच्या डब्यात शुद्ध तुपाचा शिरा आणि चिठ्ठी पाठवली." यात ऱ्या, ल्ल, क्ष्म, ॲ, द्ध, ठ्ठ सगळे येतात. एखादं जोडाक्षर फुटलं किंवा मध्येच दुसऱ्याच फॉन्टचं अक्षर डोकावलं तर तो फॉन्ट बाद. आणि कृतिदेवसारखे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट कृपया सोडा, फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मजकुराचा कचरा होतो.

सॉफ्टवेअरचंही बघावं लागतं. जुन्या फोटोशॉपमध्ये वेलांटी आणि अर्धी अक्षरं तुटतात, टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडला की नीट होतं. मी चित्र क्रिटामध्ये काढते आणि अक्षरं इंकस्केपमध्ये टाकते, दोन्ही फुकट आहेत आणि इंकस्केप देवनागरी व्यवस्थित सांभाळतं. मोबाईलवरच्या ॲपमध्ये काम करत असाल तर वरचं वाक्य तिथेही टाईप करून बघा.

आता काही गोष्टी ज्या इंग्रजी कॉमिकचे धडे बघून आपण चुकीच्या उचलतो. तिकडे सगळं कॅपिटलमध्ये लिहितात आणि जोर द्यायचा शब्द तिरका करतात. आपल्याकडे कॅपिटल नाही आणि तिरकी देवनागरी वाचायला त्रास होतो, शिरोरेषा उतारावर गेल्यासारखी दिसते. जोर द्यायचा तर शब्द जाड करा किंवा थोडा मोठा करा. अक्षरांमधली जागा वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळींमधली जागा मात्र वाढवा, कारण वर मात्रा-रफार-अनुस्वार आणि खाली उकार, दोन्ही बाजूंनी गर्दी असते, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकला की संपलं. मी अक्षराच्या मापाच्या १३० ते १४० टक्के ठेवते.

ओळ कुठे तोडायची ते अर्थावरून ठरवा. "बर्फ / नको" असं दोन ओळींत तोडलं तर क्षणभर वाचक बर्फ हवाय असं वाचतो. फुग्यातल्या ओळी मधे लांब आणि वर-खाली आखूड ठेवल्या की गोल फुग्यात छान बसतात, आणि चारी बाजूंनी निदान एका अक्षराएवढी पांढरी जागा सोडा. शेपूट तोंडाकडे वळलेलं असावं पण तोंडात घुसवू नका, निम्म्या वाटेवर थांबलं तरी डोळा पुढे पोचतो. फुग्याची कड कोणाच्या डोक्याला किंवा चौकटीच्या रेघेला नुसती चिकटून जाऊ देऊ नका, एकतर नीट झाका नाहीतर नीट लांब ठेवा.

आवाज हातानेच काढा

हॉर्न म्हणजे चरकाचा आवाज असं त्या मुलीला वाटलं कारण मी दोन्ही आवाज एकाच फॉन्टमध्ये टाईप केले होते. मराठीत आवाजाच्या शब्दांची इतकी श्रीमंती आहे की तिथे इंग्रजी "क्रॅश" लिहायचं काही कारणच नाही. पडण्याचेच बघा, गोणी धप्पकन पडते, भांडं खण्णकन, काच खळ्ळकन, दार धाडकन, पाणी टपटप, फोडणी चर्र. शब्द ऐकला की वस्तू कळते.

चरकाला घुंगरू बांधलेले असतात, म्हणून त्याचा आवाज "छुन् छुन् छुन्", मी तो बारीक, गोलसर, चाकाभोवती फिरणारा काढला. एसटीचा हॉर्न "पोंऽऽऽऽ", आणि हा अवग्रह आपल्याकडे आवाज लांबवायला काय सुंदर मिळालाय, चार-पाच ओळीने टाकले आणि पुढे पुढे मोठे करत नेले की हॉर्न पानभर पसरतो. शिरोरेषेचा उपयोग करा. हॉर्नची शिरोरेषा मी एसटीच्या तोंडापासून सरळ बंड्याच्या कानापर्यंत ओढली, आणि "खळ्ळ"ची शिरोरेषा मधेच तडकलेली दाखवली. फक्त इतकीही तोडू नका की ख चा रव होईल. आधी अक्षराचा सांगाडा नीट लिहा, मग त्याला जाडी आणि आकार द्या.

काळं, पांढरं आणि एकच राखाडी

रंगाला हात लावायच्या आधी अख्खं पान तीनच छटांमध्ये भरा. डोळे किलकिले करून बघा, जिथे काळ्या-पांढऱ्याचा सगळ्यात मोठा फरक आहे तिथेच नजर जाते, मग तुम्हाला पाहिजे असो वा नसो. माझ्या जुन्या पानात ती जागा चरकाचं चाक होती, कारण ते मी हौसेनं काळंभोर केलं होतं. नवीन पानात रसवंतीचा आतला भाग राखाडी, बाहेरचं ऊन पांढरं, आणि चौथ्या चौकटीत बंड्याच्या मागे एकदम काळं, त्यामुळे पांढरट ग्लास लगेच दिसतो. हे जमलं की रंग थोडे चुकले तरी चालतं. रंग भरून झाल्यावरही पान एकदा कृष्णधवल करून तपासा.

माणसं ओळखू यायला हवीत

पात्रांच्या अंगात नुसता काळा रंग भरून बघा. सावलीवरून कोण ते ओळखता आलं पाहिजे. माझे तिघं आधी एकाच उंचीचे, एकाच बांध्याचे होते, केसांवरून काय तो फरक. आता मावशी गोल, पदर कमरेला खोचलेला. काका चौकोनी, खाकी, पोट पुढे. बंड्या काटकुळा, मान पुढे काढून चालणारा. प्रत्येकाचं एक पान करून ठेवा, समोरून, बाजूनं, मागून, आणि उंची डोक्यांच्या मापात मोजून लिहा, म्हणजे बंड्या साडेसहा डोकी, मावशी साडेपाच. शिवाय चार-पाच चेहरे, राग, दचकणं, हसणं. चेहऱ्यात भुवया आणि वरची पापणी सगळ्यात जास्त बोलतात.

हातांना घाबरून ते पाठीमागे लपवू नका. फोनला टायमर लावून स्वतःच्या हातात ग्लास धरून फोटो काढा, त्यावरून काढा, अगदी गिरवलंत तरी चालेल कारण फोटो तुमचा आहे. दुसऱ्याचं चित्र गिरवणं मात्र नाही, आणि लोक ओळखतात.

रेघेबद्दल थोडक्यात. बाहेरची आणि जवळच्या वस्तूची रेघ जाड, आतली बारीक, लांबच्याची सगळ्यात बारीक. लांब रेघ मनगटातून नको, कोपरातून एका दमात ओढा, चुकली तर पुसून परत, केसाळ रेघ तशीच ठेवू नका. सॉफ्टवेअरमधलं रेघ स्थिर करणारं सेटिंग मध्यम ठेवा, पूर्ण वाढवलं की रेघ निर्जीव होते. कागदावर काढत असाल तर स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली नको, आणि स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढून सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्स या उजेड-अंधार कमीजास्त करायच्या सेटिंगमध्ये कागद पांढरा करून घ्या.

मागचं दृश्य: एक तास जाऊन बसा

मी नेटवर फोटो शोधून काढलेली रसवंती ही कुठलीच रसवंती नव्हती. मग एका रविवारी वही घेऊन आमच्या स्टँडसमोर जाऊन बसले, रस मागवला आणि तासभर काढत राहिले. कोपऱ्यातला चिपाडाचा ढीग, आल्याचा तुकडा आणि लिंबू उसाच्या कांडीतच खोचून चरकात सारणारा हात, पाटीवर कानिफनाथ किंवा नवनाथ हे हमखास दिसणारं नाव, हळदी-कुंकवाची बोटं लागलेलं यंत्र, एक पाय हलणारं बाकडं. यातल्या तीन गोष्टी पानात आल्या आणि पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं की ही आमच्या गावची वाटते. तुमची गोष्ट चाळीत असो, कोकणातल्या जांभ्याच्या घरात असो की पुण्याच्या पेइंग गेस्टच्या खोलीत, जाऊन बसा आणि काढा.

पर्स्पेक्टिव्हचं एवढं लक्षात ठेवा की क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची. तुम्ही उभे राहून बघताय असं चित्र असेल तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, तुमच्याच उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे त्या एकाच रेषेवर येतात, लांबचा असो की जवळचा. मागचा माणूस ठेंगू किंवा हवेत वाटत असेल तर नव्वद टक्के हेच चुकलेलं असतं. आणि प्रत्येक चौकटीत मागचं सगळं काढू नका. जागा एकदा दाखवली की पुढे एखादा खांब, एखादी पाटी पुरते, आणि दचकण्याच्या चौकटीत तर मागे नुसता सपाट रंग असू दे.

रंग कमी

पाच-सहा रंग ठरवा आणि प्रत्येक भागात तेच वापरा. माझे: उन्हाचा फिका पिवळा, रसाचा हिरवट, एसटीचा लाल, खाकी, सावलीचा जांभळट, आणि अंगाचा तपकिरी. आधी सपाट रंग एका थरावर, मग त्यावर मल्टिप्लाय (खालचा रंग दिसू देऊन गडद करणारं सेटिंग) लावलेला दुसरा थर आणि त्यात एकाच जांभळट रंगानं सावल्या, उजेड एकाच बाजूनं. बास, एवढ्यात पान उभं राहतं. चकाकी, धुरकट ब्रश, ग्रेडियंट यांनी हौशी पान सुधारत नाही, उलट रेघ बुडते.

अंगाच्या रंगाबद्दल मनापासून सांगते, ॲपमध्ये तयार मिळणारा गुलाबी रंग उचलू नका. आपल्याकडे एकाच घरात चार छटा असतात. रोज भट्टीसारख्या उन्हात गाडी चालवणारे काका आणि कॉलेजला जाणारा बंड्या यांचा रंग वेगळा असणारच. गडद अंगावर सावली काळ्यानं करू नका, तांबूस-तपकिरीकडे न्या, त्वचा जिवंत दिसते.

पान बाहेर काढताना

कलर प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे ते सांगणारं फाइलमधलं सेटिंग, एसआरजीबी ठेवा, नाहीतर मोबाईलवर रंग मेल्यासारखे दिसतात. सपाट रंग आणि रेघा असतील तर पीएनजी, फाइल फार मोठी होत असेल तर जेपीजी, क्वालिटी ९० च्या आसपास. जाळीदार ठिपक्यांचा टोन वापरला असेल तर लहान केल्यावर त्यात विचित्र पट्टे उमटतात, म्हणून आधी लहान करून बघा. व्हॉट्सॲपवर घरच्यांना पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून गेला की तो दाबला जातो आणि अक्षरांच्या कडा फाटतात. तुमचं नाव शेवटच्या चौकटीच्या कोपऱ्यात बारीक पण वाचता येईल असं टाका, चित्रावर आडवं पसरवू नका. पहिल्या चित्रात एक मोठा चेहरा आणि भागाचं नाव, कारण अंगठ्याएवढ्या चौकोनात तेवढंच दिसतं. आणि जिथे सोय असेल तिथे चित्राचं वर्णन मराठीत लिहा, स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारे वाचक असतात.

अक्षरांचा थर नेहमी वेगळा ठेवलेली फाइल जपून ठेवा. पुढे शुद्धलेखनाची चूक सापडली, भाषांतर करायचं झालं, छापायचं झालं, सगळ्याला तीच लागते.

मग पान परत तिघांना द्या, पण आधीच्या तिघांना नाही, त्यांना आता गोष्ट माहीत आहे. पुन्हा तोच एक प्रश्न. एक जण जरी तिथेच अडला ज्या जागी आधीचे अडले होते, तर पूर्ण पान परत काढू नका, त्या एका चौकटीच्या कच्च्या चित्राकडे परत जा.

जुन्या भागांचं काय करायचं असं विचाराल तर सगळे परत काढत बसू नका, त्यात नवीन गोष्ट थांबते आणि मग बऱ्याचदा कायमचीच थांबते. मी फक्त पहिले दोन भाग पूर्ण नव्याने काढले कारण नवीन वाचक तिथूनच आत येतो. बाकी नऊ भागांची फक्त अक्षरं बदलली, फुगे मोठे केले, संवाद कापले. एका पानाला वीस-पंचवीस मिनिटं लागली, आणि फुग्याखालचं चित्र झाकलं गेलं याची कोणाचीच तक्रार आली नाही.